मंडळीची पाठवणी

प्रश्न असा आहे: ‘आमच्या चर्चच्या इंग्रजी माहितीपत्रकात मिशन, व्हॅल्यूज आणि बिलीफ्स अशी शीर्षकं आहेत. मराठीत “मंडळीची मोहीम, मूल्ये आणि श्रद्धा” केलंय. चालेल का? की श्रद्धाऐवजी विश्वास हवा?’

मूल्ये चालतील. मोहीम अजिबात नाही! पानिपतावर गेली ती मोहीम. अतिक्रमण हटवायची, डास मारायची, ती मोहीम. तिला समोर कुणीतरी शत्रू लागतो. मूळ अरबी शब्दाचा अर्थ ‘महत्त्वाचं काम’ असाच आहे, असं कुणी सुनावेल. असेना. मराठीत तो उरलेला नाही.

खरं तर ‘मिशन’ची रया वर्तमानपत्रांनी घालवली. जून उजाडला की ‘मिशन ॲडमिशन’ हा मथळा ठरलेला. देणाऱ्याला पत्ताही नसतो की आपण दोन सख्खी भावंडं शेजारी बसवली आहेत. लॅटिन ‘मित्तेरे’ म्हणजे पाठवणे, सोडणे. त्यातून मिशन, ॲडमिशन, कमिशन, इतकंच काय, मिसाईलसुद्धा. आणि वसईचे कॅथलिक रविवारी जिला जातात ती मिस्साही! लॅटिन उपासनेच्या शेवटी ‘इते, मिस्सा एस्त’ म्हणत. साधारण अर्थ, ‘जा, आता निरोप.’ त्या निरोपाच्या शब्दावरून सबंध विधीलाच नाव पडलं.

शुद्ध मराठीवाले इथे ‘ध्येय’ नाहीतर ‘उद्दिष्ट’ सुचवतात. उद्दिष्ट साखर कारखान्यालाही असतं हो. ध्येय आपलं आपण ठरवतो. मिशनमध्ये पाठवणारा दुसराच असतो. ईश्वरविद्येत हा शब्द आधी पित्याने पुत्राला पाठवलं त्यासाठी होता. धर्मप्रसाराच्या कामाला तो चिकटला सोळाव्या शतकात, जेझुइट या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंमुळे. त्यांच्यातला फ्रान्सिस झेवियर १५४२मध्ये गोव्यात उतरला. योहानाच्या शुभवर्तमानात (२०:२१) येशू शिष्यांना सांगतो, पित्याने मला पाठवलं तसं मी तुम्हाला पाठवतो. ग्रीक ‘अपोस्टोलोस’ म्हणजेही पाठवलेला. मराठी बायबलाने त्याला ‘प्रेषित’ केलं ते चोख.

माझा शब्द: पाठवणी. हसून घ्या.

‘पाठवणे’ आलं संस्कृत ‘प्रस्थापयति’वरून, प्राकृतातल्या ‘पट्ठवेइ’मार्गे. म्हणजे माउलींच्या पालखीचं आळंदीहून होणारं प्रस्थान आणि मांडवातून नवरीची होणारी पाठवणी, दोन्ही एकाच ‘प्र’ अधिक ‘स्था’ची. आणि नवरीचा विषय निघालाच आहे तर ‘मंडळी’ घ्या. मराठी प्रोटेस्टंटांची मंडळी म्हणजे चर्च, तेही इमारत नव्हे, माणसं. (कॅथलिक ‘ख्रिस्तसभा’ म्हणतात.) पण आजोबांच्या पिढीत ‘आमची मंडळी माहेरी गेलीय’ म्हणजे बायको! आता बायबलातल्या इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय मराठीत काढा. पौल नवऱ्यांना सांगतो, ख्रिस्ताने मंडळीवर केली तशी प्रीती बायकोवर करा. चर्च म्हणजे ख्रिस्ताची वधू ही कल्पना समजावायला इतरांना प्रवचन लागतं. मराठीत एका शब्दात काम होतं.

एका ज्येष्ठ अभ्यासकांनी हे ऐकून मला झटकलं. म्हणाले, योगायोग आहे. मंडळी म्हणजे मंडल, वर्तुळ, बास. व्युत्पत्ती मान्य. ‘बास’ अमान्य. भाषांतरकारांच्या मनात बायको होती असं मी कुठे म्हणतोय? वाचणाऱ्याच्या कानात ती होती, एवढंच. कोशात न बसणारे अर्थ झटकून टाकायची या लोकांची सवय जुनी आहे.

तेव्हा शीर्षक ‘आमची पाठवणी’ असं द्या. धीर होत नसेल तर ‘मिशन’च राहू द्या; मिशन हॉस्पिटल, मिशन कंपाउंड म्हणत तो शब्द आपल्याकडे कधीचाच घरचा झालाय.

हो, श्रद्धा की विश्वास! पत्रकात ‘मंडळी’ आहे म्हणजे तुम्ही बहुधा प्रोटेस्टंट. तुमच्यात ‘विश्वास’ रुळलाय, तोच ठेवा. श्रद्धा आणि लॅटिन ‘क्रेडो’ (म्हणजे ‘मी विश्वास ठेवतो’) या सख्ख्या चुलत बहिणी आहेत, पण ते आत्ता सुरू केलं तर तुमचं पत्रक छापायचं राहील.