ऑनलाइन सहयोगी शिक्षणावर एम.एड.चा लघुप्रबंध करायचा आहे. गाईडना विषय उथळ वाटतो. कोणता प्लॅटफॉर्म घेऊ?

तुमच्या गाईडचं वाक्य तुम्ही प्रश्नात दिलंय: "गटात एक जण करतो, बाकीचे उतरवतात, ऑनलाइन तर विचारूच नका." माझ्या एम.एड.च्या व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, मी हेच ऐकलंय, म्हणून लिहायला बसले.

प्लॅटफॉर्मचं आधी संपवते. कोणताही घ्या. मूडल, गूगल क्लासरूम, नुसता व्हॉट्सॲप ग्रुप, सगळं चालतं. फक्त साठ जणांना म्यूट करून झूमवर तासभर बोलणं याला कृपा करून सहयोगी शिक्षण म्हणू नका.

२०२०च्या टाळेबंदीत आमचे डी.एल.एड.चे (प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेचे) छात्राध्यापक आपापल्या गावी अडकले होते. कुणी रेंजसाठी गच्चीवर, कुणाचा फोन दिवसभर भावाकडे. सगळे एका वेळी ऑनलाइन येणं शक्यच नव्हतं. घटक होता अपूर्णांकांचा भागाकार. "दुसरा उलटा करून गुणा" हे प्रत्येकाला पाठ. उलटा का करायचा, हे कुणालाच सांगता येईना. आणि हीच मंडळी उद्या सहावीच्या वर्गापुढे उभी राहणार!

मी जिगसॉ लावलं. मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी १९७१मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनला, वेगवेगळ्या वंशांची मुलं नव्यानेच एका वर्गात आली तेव्हा, ही पद्धत काढली. धड्याचा एकेक तुकडा एकेकाकडे, त्यामुळे दुसऱ्याचं ऐकून घेतल्याशिवाय कुणाचाच धडा पुरा होत नाही. आमच्या गटात एकाकडे चित्र, एकाकडे व्यवहारातलं उदाहरण, एकाकडे व्यस्त संख्या (उलटा केलेला अपूर्णांक), एकाकडे मुलांच्या नेहमीच्या चुका.

उदाहरणवालीने घरातूनच परातीचा फोटो टाकला, अर्धी भाकरी मधोमध मोडलेली. सोबत आवाजी संदेश: "अर्ध्या भाकरीत चतकोर किती वेळा बसते? दोनदा. म्हणून उत्तर दोन." सगळ्यांनी अंगठे दाखवले. मग रात्री एकाने विचारलं, "आणि चतकोरात अर्धी किती वेळा?" ग्रुप गप्प. सकाळी एकीने लिहिलं, "बसतच नाही, शून्य." दुसऱ्याने लगेच हरकत घेतली: "अख्खी बसत नाही, पण निम्मी तर बसते ना?" इथून जुंपली. शेवटी व्यस्त संख्यावाल्याने लिहिलं, "एका भाकरीत चतकोर चार, म्हणून अर्धीत चाराच्या निम्म्या. एका भाकरीत अर्ध्या दोन, म्हणून चतकोरात दोनाचा पाव हिस्सा, म्हणजे अर्धा. आपण उलटा करून गुणतो तो हा चार आणि हा दोन." या सगळ्यात मी एक अक्षर टाकलं नव्हतं. मला आजही त्या मुलांचा अभिमान वाटतो.

हा संवाद मी प्रबंधाला जोडला. परीक्षकांनी ती पानं उलटलीसुद्धा नाहीत. तुलनेसाठीचा नियंत्रित गट कुठे, दोन गटांच्या गुणांतला फरक तपासणारं टी-मूल्य कुठे, आणि मग ते उतरवण्याचं वाक्य. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं: "शून्य"पासून "निम्मी"पर्यंतचा प्रवास उत्तरचाचणीच्या, म्हणजे शिकवून झाल्यावरच्या चाचणीच्या, गुणांत दिसत नाही, तो बोलण्यातच सापडतो. ज्याला सहयोगी शिक्षणावर संशोधन करायचंय आणि मुलांचं बोलणं वाचायचं नाही, त्याने दुसरा विषय घ्यावा.

विषय उथळ आहे म्हणणाऱ्यांना २००८चा कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठातला ऑनलाइन अभ्यासक्रमही दाखवा. जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी तो चालवला. फी भरलेले साधारण २५, फुकट सामील झालेले सुमारे २,२००, आणि बरंचसं शिकणं एकमेकांच्या लिखाणावर चर्चा करत. 'मूक' (MOOC, म्हणजे कुणालाही खुला असलेला मोठा ऑनलाइन अभ्यासक्रम) हे नाव त्यावरूनच पडलं. पुढे मूक म्हणजे व्हिडिओ आणि प्रश्नमंजूषा असंच होऊन बसलं, आणि बहुतेक गाईडांच्या डोळ्यांपुढे हेच दुसरं चित्र असतं.

आता काही गोष्टी सांगायला हव्यात. आयतोबा प्रत्येक गटात असतातच; जिगसॉने ते कमी होतात, संपत नाहीत. चार-पाचांपेक्षा मोठा गट करू नका. कमी बोलणारी मुलगी मठ्ठ आहे असं लिहिण्याआधी फोन तिच्या हातात किती वेळ असतो ते विचारा. संवाद वापरायची परवानगी सगळ्यांकडून घ्या, नावं आणि नंबर काढून टाका. आणि विद्यापीठाला आकडे लागतातच, तेव्हा एक छोटी पूर्वचाचणी-उत्तरचाचणी ठेवा, त्यावरून भांडू नका.

पण संवाद-विश्लेषण, म्हणजे मुलांचं बोलणं वाचून तपासणं, ही पद्धत सिनॉप्सिसमध्येच (संशोधनाच्या आराखड्यातच) मंजूर करून घ्या, लेखी. नंतर कुणी उतरवण्याचा मुद्दा काढलाच, तर संवादाचं पान त्यांच्यापुढे ठेवा आणि यातलं कुठलं वाक्य कुणी कुणाचं उतरवलंय ते दाखवायला सांगा. मला तेव्हा हे विचारायची संधी मिळाली नाही, तुम्ही सोडू नका.