मुलगी म्हणते, बंदरावरच काहीतरी करीन

ताई, नमस्कार.

तुम्ही हर्णै बंदरावरच्या लिलावात मासळी घेऊन दापोलीला विकता. मुलगी यंदा बारावी सायन्सला आहे. घरच्यांना ती बँकेच्या परीक्षांना बसावी असं वाटतं आणि ती म्हणते, बंदरावरच काहीतरी उभं करीन. हा हट्ट मानायचा की नाही, असं तुम्ही विचारलंत. माना. मात्र त्याला शिक्षणाची आणि हिशेबाची जोड हवी.

बारावीला जीवशास्त्र असेल तर बी.एफ.एस्सी. ही चार वर्षांची मत्स्यशास्त्राची पदवी आहे. प्रवेश एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतून होतो. नागपूर आणि उदगीरलाही महाविद्यालयं आहेत, पण समुद्रातल्या मासळीचं काम शिकायचं तर रत्नागिरीजवळचं शिरगाव पहिल्या पसंतीला टाका. पुढे वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत एम.एफ.एस्सी., म्हणजे त्यापुढची पदव्युत्तर पदवी, करता येते. मत्स्यव्यवसाय खात्यातल्या जागा मोजक्याच निघतात, म्हणून एकट्या त्या भरवशावर पदवी घेऊ नका.

गावात काम कुठे आहे, ते तुम्ही रोज बघता. होडीतून उतरलेली मासळी लिलाव होईपर्यंत वाळूत उन्हात पडते आणि तिथेच भाव उतरतो. आपल्या हवेत किलोभर मासळीला किलोभर बर्फ लागतो, तोही फोडून बारीक केलेला. मोठे खडे मासळीला ठेचतात आणि मधे हवा राहते. पेटीत तळाला बर्फ, मग मासळी, पुन्हा बर्फ असे थर लावायचे आणि पाणी जायला तळाला भोक ठेवायचं. ते नसेल तर खालच्या मासळीचं घाण पाण्यात भिजून पोट फुटतं. बांगडा उन्हात राहिला तर त्यात हिस्टामिन नावाचं बाधणारं द्रव्य तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. खाणाऱ्याच्या अंगावर पित्त उठतं. बर्फाचे पैसे वाचवणं सर्वांत महाग पडतं ते असं.

दुसरं काम सुक्या मासळीचं. जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, वाळूवर पसरला की दाताखाली कचकचतो आणि चांगलं गिऱ्हाईक तुटतं. कमरेइतक्या उंच बांबूच्या मांडवावर जुनं बारीक जाळं ताणून त्यावर वाळवला तर वारा खालूनही लागतो, कुत्रीमांजरंही दूर राहतात. पाच किलो ओल्या जवळ्याचा साधारण एक किलो सुका मिळतो, भाव ठरवताना हे धरा. वाळलेला माल गरम असताना पिशवीत भरू नका. आत दव धरतं आणि पंधरवड्यात बुरशी येते. सावलीत गार होऊ द्या, मग भरा. पावसाळ्याच्या बेगमीसाठी मे महिन्यात मागणी वाढते, तेव्हा स्वच्छ आणि वजन लिहिलेल्या पिशवीला जास्त दर मागता येतो.

मुलीला आत्ताच एक वही घालून द्या. लिलावाचा दर, बर्फ, टेम्पो, दापोलीतला विक्रीदर आणि फेकलेली मासळी, रोजचं रोज लिहायचं. ३१ मेपर्यंत लिहिलं की १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बसून बेरीज करता येईल. नुकसान नेमकं कुठे होतं ते कळल्याशिवाय कर्ज काढू नका. बर्फाचा कारखाना तर मुळीच नको: वीजबिल बारा महिने, मासळी दहा महिने.

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत महिलांसाठी प्रकल्पखर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत अनुदान ठेवलेलं आहे. ते सहसा काम झाल्यावर मिळतं, त्यामुळे आधीचा पैसा आपला किंवा बँकेचा लागतो. बचतगट अडकतात ते इथेच. चालू वर्षी काय अटी आहेत ते मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून घ्या. तुम्ही स्वतः मच्छीमार सोसायटीच्या सभासद नसाल तर आधी व्हा. घरातल्या पुरुषाचं सभासदत्व तुमच्या अर्जाला पुरेल असं धरून चालू नका. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बायकांचा बचतगट होडीतून कांदळवन सफर चालवतो. सवड काढून मुलीला ते दाखवून आणा.

आणि राखीव जागेतून प्रवेश घ्यायचा असेल तर जात पडताळणीचा अर्ज याच महिन्यात टाका. त्याला महिनेच्या महिने लागतात आणि गुण असूनही या कागदापायी मुलांची जागा जाऊ शकते.

तुमचा,
करिअर मार्गदर्शक