वाचक विचारतात : हरिहरेश्वर ते हेदवी, किनाऱ्याकिनाऱ्याने

दोन दिवसांत हरिहरेश्वरहून दापोली, गुहागर करत हेदवीपर्यंत गाडीने जायचं आहे. नकाशावर अंतर थोडंच दिसतं. जमेल का? (एक वाचक, पुणे)

जमेल, पण किलोमीटर मोजण्याआधी कालनिर्णय उघडा. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीलाच करता येते आणि हेदवीची बामणघळ, म्हणजे कातळातली अरुंद भेग, तिच्यात पाणी उसळतं त्या भरतीलाच बघण्यासारखी असते. उलट वेळेला पोहोचलात तर एकीकडे पायऱ्यांवरून परत फिराल आणि दुसरीकडे नुसती कोरडी भेग बघून याल.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थी म्हणजे चार गुणिले पाऊण, तीन वाजता पूर्ण भरती. सहा-सव्वासहा तास मागे किंवा पुढे गेलात की ओहोटी, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास. शुक्ल असो वा कृष्ण पक्ष, हिशेब तोच. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. अर्ध्या-पाऊण तासाची चूक धरूनच चाला आणि निघण्याआधी त्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून बघा.

म्हणून चतुर्थीला सकाळी हरिहरेश्वर धरा. दुपारी बागमांडल्याहून फेरीबोटीने बाणकोटची खाडी ओलांडून वेश्वी, तिथून केळशी, आंजर्ल्याकडून हर्णैला मुक्काम. पंचमीला दाभोळहून फेरीने धोपावे, गुहागरात जेवण आणि पावणेचारची भरती गाठायला हेदवी. या रस्त्यावर घाट, वळणं आणि गावातल्या गल्ल्या इतक्या आहेत की ताशी तीस किलोमीटरच्या वर सरासरी धरू नका. फेरी चुकली तर पुढचीची वाट बघा. दाभोळची फेरी टाळून दापोली, खेड, चिपळूणमार्गे गुहागर गाठायचं म्हणजे शंभरावर किलोमीटर होतात. रोख पैसे जवळ ठेवा. बोटीवर गाडी गिअरमध्ये टाकून हँडब्रेक ओढा आणि मगच खाली उतरा.

हरिहरेश्वरला प्रदक्षिणामार्ग धोक्याचा म्हणतात. नक्की धोका कशाचा? (एक वाचक, सोलापूर)

देवळामागून वर चढून डोंगरातल्या अरुंद घळीतल्या पायऱ्यांनी खाली उतरलं की लाटांनी घासून सपाट केलेला काळ्या कातळाचा ओटा लागतो. तो ओहोटीलाच उघडा पडतो. इथून डोंगर उजव्या हाताला आणि समुद्र डाव्या हाताला ठेवून वळसा घालायचा. धोका असा की लाटा सारख्या उंचीच्या येत नाहीत. बऱ्याच लहान लाटांनंतर एखादी मोठी येते, आणि नेमका तेव्हाच कोणीतरी फोटोसाठी कडेला उभा असतो. पाण्यापासून लांब, कातळाच्या आतल्या अंगाने चाला. हिरवट शेवाळावर पाय देऊ नका. बूट-चप्पल पकड असलेलीच हवी.

ओहोटीच्या तास-दीड तास आधी उतरा, म्हणजे पाणी मागे हटत असतं. पाणी वळल्यावर उतरणं हा आततायीपणा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जास्तच जपा. पावसाळ्यात तर नकोच.

चालताना कातळाकडे मात्र नीट बघा. मधाच्या पोळ्यासारखी भोकंच भोकं दिसतील. खारं पाणी दगडाच्या छिद्रांत मुरतं, वाळताना मिठाचे स्फटिक फुगतात आणि कण कण सुटत जातो. आम्हाला विचाराल तर देवळाइतकाच हा कातळ बघण्यासारखा आहे.

किनाऱ्यावर गाडी नेली आणि चाक रुतलं तर? (एक वाचक, नाशिक)

मुळात नेऊच नका. बऱ्याच ठिकाणी मनाई आहे, आणि वेळास, आंजर्ले, केळशी या पट्ट्यात कासवांची घरटी वाळूतच असतात. तरी रुतलीच तर पहिली गोष्ट, ॲक्सिलरेटर सोडा. चाक फिरत राहिलं की ते स्वतःचाच खड्डा खणतं आणि गाडी पोटावर बसते. सगळ्यांनी उतरावं. चाकापुढची-मागची वाळू हाताने काढावी, हवा अठरा-वीस पीएसआयपर्यंत कमी करावी, ज्या चाकांना इंजिनाची ओढ असते त्यांच्याखाली पायपुसणी किंवा नारळाच्या झावळ्या सारून आल्या चाकोरीनेच हळू मागे घ्यावी. भरती चढत असेल तर प्रयोग न करता लगेच गावातून ट्रॅक्टर बोलवा. बाहेर पडल्यावर हवा भरा आणि गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर गंज धरतो.

वेळासला कासवाची पिल्लं कधी दिसतात? (एक वाचक, ठाणे)

साधारण फेब्रुवारीचा मध्य ते एप्रिल. ऑलिव्ह रिडलेची अंडी उबायला पन्नासएक दिवस लागतात. सकाळी आणि संध्याकाळी घरट्यांवर झाकलेल्या टोपल्या उघडून बघतात. पिल्लं निघालेली असली तर सोडतात, नसली तर नाही. म्हणून एक रात्र गावातच घरगुती मुक्काम करा, म्हणजे दोन संध्याकाळी आणि एक सकाळ हाताशी राहते. फ्लॅश आणि टॉर्च बंद. पिल्लं उजेडाच्या दिशेने वळतात आणि वाट चुकतात.

जूनअखेर गेलो तर ताजी मासळी मिळेल? (एक वाचक, डोंबिवली)

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. सुरमई-पापलेट पानात आलंच तर ते बर्फातलं समजा. खाडीची मासळी, तिसऱ्या किंवा सोडे घातलेली वांग्याची भाजी मागा.