लशीच्या आधी प्रवास विचारा

प्रश्न : मी फॅमिली डॉक्टर आहे. परदेशी निघालेले रुग्ण ‘कोणती लस घेऊ?’ विचारत येतात. लशींची यादी आहेच. प्रवासवैद्यकाचा सल्ला द्यायला आणखी काय यायला हवे?

उत्तर : यादी देशाप्रमाणे असते, धोका माणसाप्रमाणे बदलतो. म्हणून आधी प्रवास नीट विचारून घ्या: कोणती गावे, कोणता ऋतू, किती दिवस, मुक्काम कसला, विमान मध्ये कुठे थांबणार, किती उंचीवर झोपणार. मूळ गावी नातलगांकडे जाणाऱ्यांना तर खोदून विचारा. ‘आम्ही तिथलेच’ म्हणत ते मलेरियाच्या गोळ्या टाळतात. बाहेर काही वर्षे काढली की मलेरियाविरुद्धची जुनी प्रतिकारशक्ती ओसरलेली असते. मग वय, गरोदरपण, चालू औषधे.

रुग्ण निघण्याच्या ४ ते ६ आठवडे आधी आला तर उत्तम. यलो फीव्हरच्या (डासांमुळे पसरणाऱ्या विषाणूजन्य तापाच्या) लशीचे प्रमाणपत्र पहिल्या डोसनंतर १० दिवसांनी वैध होते आणि ११ जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. १० वर्षांनी पुन्हा टोचण्याची जुनी सवय सोडा. ही लस जिवंत आहे (तिच्यात दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो), त्यामुळे प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे किंवा थायमसचा (छातीतल्या, प्रतिकारशक्तीशी संबंधित ग्रंथीचा) आजार असेल तर देऊ नये. साठीपुढे पहिल्यांदाच देताना गंभीर दुष्परिणामाचा धोका वाढतो, तेव्हा प्रवास खरेच गरजेचा आहे का हेही विचारावे. इंजेक्शनच्या दोन जिवंत लशी एकाच दिवशी द्याव्यात, नाहीतर मध्ये किमान ४ आठवडे सोडावेत. यलो फीव्हर आणि एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची लस) मात्र वेळ असेल तर वेगवेगळ्याच द्या.

सर्वाधिक घोळ मलेरियाच्या गोळ्यांत होतो, तोही परतल्यावर. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल निघण्याच्या १-२ दिवस आधी सुरू करून मलेरियाचा भाग सोडल्यावर ७ दिवस घ्यायची. डॉक्सिसायक्लिनची सुरुवात तशीच, पण नंतर ४ आठवडे. फरक का? पहिले औषध यकृतातल्या परजीवीलाही मारते; डॉक्सिसायक्लिनचा भर रक्तातल्या परजीवीवर, त्यामुळे यकृतातून उशिरा बाहेर पडणाऱ्यांसाठी डोस चालूच लागतो. हे कारण सांगितले की रुग्ण गोळ्या अर्ध्यावर सोडत नाहीत. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर, उभ्याने किंवा बसून घ्यायची. घेऊन लगेच आडवे झाले तर अन्ननलिकेला जखम होते. मेफ्लोक्विन द्यायचे तर आधी नैराश्य, फिट्स आणि हृदयाच्या ठोक्यांची तक्रार विचाराच.

प्रश्न : परतलेल्या रुग्णाला ताप आहे, मलेरियाची तपासणी निगेटिव्ह. पुढे?

उत्तर : एका तपासणीवर थांबू नका. १२ ते २४ तासांच्या अंतराने एकूण ३ वेळा रक्त तपासा. गोळ्या नियमित घेतल्या म्हणून मलेरिया बाद होत नाही. व्हायवॅक्स या मलेरियाच्या प्रकाराचे यकृतात सुप्त राहिलेले परजीवी या गोळ्यांनी मरत नाहीत, ताप काही महिन्यांनीही येतो. म्हणून मागच्या वर्षभराचा प्रवास विचारा. डेंग्यूची मुदत आखूड: परतल्यावर १४ दिवस उलटून ताप सुरू झाला असेल, तर त्या प्रवासातला डेंग्यू बाजूला ठेवता येतो.