गुळानं जंत होतात का?

प्रश्न: माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, आम्ही अंबाजोगाईजवळ खेड्यात राहतो. रात्री झोपेत दात खातो, तोंडावर पांढरे चट्टे आलेत, अन् गूळ तर हातातून सोडत नाही. सासूबाई म्हणतात गोडानंच जंत झालेत. गावातल्या एकानं सांगितलं पौर्णिमेला जंत वर येतात, तेव्हा रात्री पळसपापडीचा काढा अन् सकाळी एरंडेल द्या. मोबाईलवर एका व्हिडिओत जुलाबातून दोरीसारखे जंत पडलेले पण दाखवले. शाळेतल्या गोळीची भीती वाटते, शेजारच्या पोरीला मळमळलं होतं. काय करू?
– एक आई, बीड जिल्हा

उत्तर: ताई, एरंडेल देऊ नका, पहिलं एवढंच सांगते. एवढ्याशा लेकराला जोराचे जुलाब लागले की अंगातलं पाणी जातं, अन् जंत पडतीलच असं काही नाही, अंकुशकृमी तर आतड्याला तोंडानं घट्ट धरून बसलेला असतो. व्हिडिओतल्या त्या दोऱ्या बहुतेक वेळा आतड्यातली चिकट आव असते, जुलाबानं लांब तारेसारखी बाहेर येते, अन् माणूस घाबरून आणखी औषध घेतो. मला ह्याचाच लई राग येतो.

गुळातून जंत होत नाहीत. गोल जंताची मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते, ती विष्ठेतून मातीत जातात, ओल्या मातीत दोन-तीन आठवडे पिकतात अन् मग नखांतून नाहीतर न धुतलेल्या मेथी-कोथिंबिरीतून पोटात येतात. अंकुशकृमी तर अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतो अन् आतून रक्त पितो, लेकरू पांढरंफटक पडतं, म्हणून शेतात जाताना पायात चप्पल पाहिजेच. दात खाणं बऱ्याच लेकरांत असतं, अन् तोंडावरचे चट्टे बहुधा कोरड्या कातडीचे, त्यावरून जंत धरू नका. रात्री शौचाच्या जागी खाज येते का ते बघा, सुतासारखे बारीक जंत रात्रीच बाहेर येऊन अंडी घालतात, मग पौर्णिमा असो की अवस. मला वाटतं ती समजूत इथूनच निघाली असावी.

सासूबाईंना मात्र दुखवू नका. वावडिंग, पळसपापडी ही आयुर्वेदातली कृमीवरची जुनी औषधं आहेतच, माझ्या आजीनं मलाही वावडिंगाचं पाणी पाजलंय, पण घरच्या काढ्यात औषध किती उतरलं अन् लेकराला किती सोसतं ह्याचा अंदाज घरी लागत नाही.

शाळेतली गोळी म्हणजे अल्बेंडाझोल, तुमच्या मुलाला ४०० मिलिग्रॅमची एक, नीट चावून खायची. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला ती शाळा-अंगणवाडीत फुकट देतात, एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, चुरून. पोटात जंत जास्त असले तर मळमळतं, पोट दुखतं, ते थोड्या वेळात थांबतं. त्या दिवशी ताप असला तर बरं झाल्यावर द्या.

अन् खाज असली तर एकट्या लेकराला देऊन भागत नाही, डॉक्टरांना विचारून घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यायची अन् दोन आठवड्यांनी परत, त्याच दिवशी अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुऊन उन्हात टाका, त्याची नखं कापा. पोट फुगून कडक झालं, उलट्या थांबेनात, तर वाट न बघता दवाखान्यात न्या.