एकाच भागातले कारखानदार स्पर्धक असूनही एकमेकांना मदत का करतात? मी तिथे गाळा घ्यावा का?

'मदत' हा शब्द वाचून लिहायला बसलो. मुंबईत साकीनाक्याला आमचा पॉवर प्रेसचा गाळा आहे, पत्र्यातून वॉशर आणि ब्रॅकेट काढतो. मागच्या गल्लीत तेच काम करणारा दुसरा. आमची दोन गिऱ्हाइकं त्याने पळवलेली.

गणपतीच्या आधीची गोष्ट. सकाळी माल द्यायचा आणि रात्री 9 वाजता पंच, म्हणजे प्रेसमधला पत्रा कापणारा भाग, तडकला. पंच डी-टू या हत्यारी पोलादाचा. नवा करायचा तर आधी मशिनिंग, मग हार्डनिंग, म्हणजे तापवून 58-60 रॉकवेलपर्यंत (हे कडकपणाचं माप) कडक करणं, मग वायरकट, म्हणजे विजेच्या तारेने अचूक कापणं. म्हणजे तीन दिवस गेलेच. वायरकट मशीन आमच्या गल्लीत कुणाचंच नाही, सगळे जॉबवर्कवर, म्हणजे बाहेर मजुरी देऊन करून आणतात. नाक मुठीत धरून त्या मागच्याकडे गेलो. त्याच्याकडे हार्डनिंग झालेला ठोकळा होता. तो दिला, वर वायरकटवाल्याकडची स्वतःची रात्रीची पाळीही मला दिली. पहाटे पाचला प्रेस चालू. पैसे आठवड्याने दिले, तेही मीच आठवण काढून.

चांगुलपणा? छे! उन्हाळ्यात त्याच्या प्रेसचा क्लच गेला तेव्हा त्याचा माल माझ्याकडे निघाला होता. शिवाय नाही म्हटलं की दुसऱ्या दिवशी टपरीवर सगळ्यांना कळतं, मग हार्डनिंगवालाही तुमचा जॉब मागे ठेवतो.

अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शलने 1890 मध्येच लिहून ठेवलंय: एका जागी कारागीर मिळतात, पूरक धंदे उभे राहतात, एकाचं कसब बघून दुसरा शिकतो. बरोबर आहे, पण त्याने आम्ही शेजारी का बसतो एवढंच कळतं. रात्री 9 ला दार का उघडतो ते टपरीवर कळतं.

माझा थोरला भाऊ म्हणायचा, स्पर्धकाला गाळ्यात पाऊल ठेवू देऊ नकोस. तो वापीच्या पुढे स्वस्त जागा बघून गेला. ऐसपैस शेड, ट्रक थेट आत.

गाळा घ्यायचा तर भाडं आणि पार्किंग सोसेल का ते तुमचं तुम्ही बघा. आणि हो, दर कुणी कुणाला सांगत नाही, कारागीर फोडणं तर बारमाही चालतं. माझाही एक फिटर त्यानेच नेला.

दादा, तू हे वाचणारच. मागच्या महिन्यात तुला घाईने जो पंच पाठवला, त्याचा ठोकळा त्या मागच्याचाच होता.