जलरंगात गंज, पेंढा आणि जुनं लाकूड

प्रश्न : जुन्या लाकडी खोक्यावर गंजलेली पत्र्याची बादली, शेजारी पेंढा आणि अंडी अशी मांडणी जलरंगात करते आहे. गंज मळकट होतो, पेंढा उठून दिसत नाही आणि सावल्या वाळल्या की फिक्या पडतात. कुठे चुकतंय?

उत्तर : मळकटपणा बहुधा चुकीच्या वेळी ब्रश लावल्यामुळे येतो. कागदावर चकाकी असेपर्यंत रंगात रंग सोडा. चकाकी गेली, पण हाताच्या पाठीला कागद गार लागतोय, तेव्हा हात आवरा. या अवस्थेत पाणीदार ब्रश टेकवला तर खालचा रंग ढकलला जातो आणि नागमोडी कडेचा डाग पडतो.

गंजासाठी बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) एवढे दोनच रंग घ्या. अल्ट्रामरीन जास्त ठेवलं की पत्र्याचा करडा मिळतो. तो ओला असतानाच सांध्यांवर आणि काठावर कमी पाण्यातलं, घट्ट बर्न्ट सिएना टेकवा आणि तिथे पुन्हा ब्रश नेऊ नका. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात, त्यातून पत्र्याचा खरबरीतपणा आयता येतो. काळी ट्यूब इथे नकोच, ती सगळं मारून टाकते.

पेंढ्याच्या उजळ काड्या शेवटी काढता येत नाहीत, आधीच राखाव्या लागतात. रॉ सिएनाचा (पिवळसर तपकिरी रंगाचा) पातळ थर द्या, पूर्ण वाळू द्या, मग मास्किंग फ्लुइडने (वाळल्यावर रबरासारखा होऊन खालचा भाग रंगापासून झाकणारा द्रव) काड्या ओढा. जुना ब्रश आधी साबणात बुडवून घ्या, नाहीतर केस चिकटून ब्रश वाया जातो. आता काड्यांच्या मधल्या फटी गडद करा. कागद कोरडा ठणठणीत झाल्यावरच फ्लुइड काढा. ओलसर कागदाचा पापुद्रा निघतो. हेअर ड्रायर लावू नका, उष्णतेने ते कागदाला घट्ट धरतं.

लाकडाच्या रेषांसाठी चपटा ब्रश फडक्यावर टिपून आडवा फिरवा. अंड्यांचा उजळ भाग म्हणजे कोरा कागद.

जलरंग वाळताना फिका होतोच, म्हणून सावली हवी त्यापेक्षा एक छटा गडद कालवा आणि तुकड्यावर वाळवून बघा. सावली मोठ्या ब्रशने एकाच हातात ओढा. वस्तू जिथे टेकते तिथे सावली सर्वांत गडद.

कागद ३०० ग्रॅमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), कोल्ड प्रेस म्हणजे किंचित खरबरीत पृष्ठभागाचा आणि शक्यतो कॉटनचा घ्या. पातळ कागद फुगतो आणि खोलगट भागात पाणी साचतं.

प्रश्न : चुकलेला भाग पुसता येतो का?

उत्तर : अल्ट्रामरीन ओल्या ब्रशने बरंच उचललं जातं. थॅलो ब्लू हा दुसरा निळा मात्र कागदात मुरतो, तो पूर्ण निघत नाही.